सकाळी तेल, दुपारी घाम

“मॅडम, हा चष्मा घालून दहावीच्या पेपरात कॉपी करता येईल का?”

कस्तुरी गांगुर्डेने अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चकचकीत कारखान्यात विचारलं. शाळेतर्फे कारखाना बघायला आलेली सगळी मुलं आपापल्या बुटांच्या लेसकडे बघायला लागली. वर्गशिक्षिका बच्छावबाईंनी तर असे डोळे वटारले की त्यांना चष्म्याची गरजच उरू नये.

पैज मागच्या बाकाची होती. “विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातले शामी कबाब तुझे,” असं अल्फिया बसमध्ये म्हणाली होती. जूनपर्यंतची कस्तुरी असती तर तिने कबाब सोडून दिले असते. ती कस्तुरी हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही घसा खाकरायची. पण जुलैमध्ये शाळेच्या नाटकातल्या इन्स्पेक्टरला ऐन वेळी ताप भरला, कस्तुरीच्या ओठांवर मिशी चिकटवली गेली, आणि तिने “हात वर!” असं ओरडताच पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांनी खरोखर हात वर केले. मिशी काढली तरी तो आवाज काही गेला नाही.

कारखान्याच्या इंजिनीअर हेमांगी देवरे मॅडम खळखळून हसल्या.

“नाव काय तुझं? कस्तुरी? ये, पुढे ये. समोरच्या कडेला हा बारीक ठिपका दिसतो? काचेवर अक्षरं उमटायला लागली की हा लाल पेटतो. आणि तो बंद करायचं बटण आम्ही ठेवलेलंच नाही. परीक्षागृहात तुझ्या कपाळावर कंदील लावून बसल्यासारखं होईल! पण तुला गंमत सांगू का? हाच प्रश्न आमच्या कुलथेकाकांनी अगदी पहिल्या दिवशी विचारला होता. तेव्हा चष्म्याचं चित्रसुद्धा काढून झालं नव्हतं.”

कोपऱ्यातल्या टेबलावरून एका टकलू गृहस्थांनी हात हलवला. नियम, चाचण्या आणि सरकारी प्रमाणपत्रं हे सगळं कुलथेकाकांचं खातं होतं.

“असा चष्मा बनवायला पूर्वी तीन वर्षं लागायची,” मॅडम म्हणाल्या. “तो बनवायची पद्धत म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक. शेवटपर्यंत कुणी चाखायचं नाही! एकाने काच करायची, दुसऱ्याने बॅटरी बसवायची, तिसऱ्याने साचा पाडायचा, आणि सगळं झाल्यावर नियमवाल्यांपुढे ताट ठेवायचं. ते म्हणणार, बॅटरी तापते, नापास. की पुन्हा चूल पेटवण्यापासून सुरुवात. आम्ही काय केलं? काचवाला, बॅटरीवाली, साचेवाला आणि कुलथेकाका, सगळ्यांना एका गोल टेबलाभोवती बसवलं. काका रोज चमचा घालून चाखतात आणि रोज तोंड वाकडं करतात. म्हणून हा ‘कवडसा’ अकरा महिन्यांत उभा राहिला.”

मग त्यांनी चष्मा उलगडला. काडीत तांदळाच्या दाण्याएवढा प्रोजेक्टर होता. तो अक्षरांचा उजेड काचेच्या कडेतून आत सोडतो. अरुंद बोळात रबरी चेंडू फेकला तर तो दोन्ही भिंतींवर आपटत पुढे जातो ना, तसा हा उजेड काचेच्या आतल्या आत आपटत पुढे सरकतो, बाहेर निसटत नाही. डोळ्यासमोर आल्यावर काचेवरच्या केसाहूनही बारीक रेघा त्याला बुबुळाकडे वळवतात. मग घालणाऱ्याला हातभर अंतरावर, हवेत, मराठी अक्षरं तरंगताना दिसतात. चार छोटे माइक समोरच्याचं बोलणं पकडतात, एक चिप त्याची अक्षरं करते. समोरचा बोलतो, तुम्ही वाचता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

कस्तुरीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“आता आम्हाला घरं हवीत,” मॅडम सांगत होत्या. “विकायच्या आधी बत्तीस घरांत सहा आठवडे वापरून बघायचाय. कुणाच्या घरी...”

“माझे पप्पा,” कस्तुरी म्हणाली. हा प्रश्न नव्हता, पैजही नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या अल्फियालाही हे तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

*

पुंडलिक गांगुर्डे बावीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. पत्र्यावर शंभर टनांचा दणका, मिनिटाला वीस वेळा. सुरुवातीला कानात घालायला कापूस मिळायचा, नंतर चांगले बोळे मिळाले, पण तोवर, बारा वर्षांपूर्वीच, कान निघून गेले होते. श्रवणयंत्र आणलं, तर ते सगळंच मोठं करायचं. माणसाचा आवाज आणि ताटवाटीचा आवाज एकाच मापाने. “डोक्यात भंगारवाला शिरल्यासारखं होतं,” म्हणून ते कपाटाच्या खणात गेलं.

घरात ते कशालाही “हं” म्हणायचे. आई, मंदा गांगुर्डे, एसटीत कंडक्टर होती. ‘पुढे सरका’ म्हणून म्हणून कमावलेल्या तिच्या आवाजातला एखादा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायचा. बाकी त्या सिडकोतल्या दोन खोल्यांना हळूहळू एक खोड लागली होती: पप्पांच्या समोर, पप्पा नसल्यासारखं बोलायची. चिडून नाही, दुष्टपणाने नाही. रस्त्यावरचा खड्डा रोज वळसा घालून टाळावा तसं.

चष्मा आला त्या संध्याकाळी देवरे मॅडमनी स्वतः तो पप्पांच्या नाकावर बसवला, आणि कस्तुरीच्या हातात एक जाड वही दिली.

“हिचं नाव मोडायची वही. यात कौतुक लिहायचं नाही. रोज एक तक्रार शोधायची. कुठे टोचतो, कुठे अडतो, कुठे चुकतो. आणि हे नीट ऐक, काडी कधी गरम लागली, तर त्याच दिवशी चष्मा बंद आणि मला फोन. बॅटरी कानाजवळ असते, कस्तुरी. तिथे मस्करी नाही.”

“हो मॅडम,” कस्तुरी म्हणाली. अगदी इन्स्पेक्टरच्या आवाजात.

मॅडम गेल्या. पप्पा खुर्चीत ताठ बसले होते, डोक्यावर काचेचं भांडं ठेवल्यासारखे. आतून आई सवयीने म्हणाली, “कस्तू, आमटीत मीठ पडलंय दोनदा. पण ह्यांना सांगू नको, कळणार नाही त्यांना.”

पप्पांचे डोळे हवेत डावीकडून उजवीकडे सरकले.

“कळलं,” ते म्हणाले.

आई पळी घेऊनच बाहेर आली. पप्पा असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. काचेवर कंसात लिहून आलं होतं : (कुकरची शिट्टी). “मंदे, तिसरी झाली. बंद कर.”

आई गॅस बंद करायला गेली आणि बराच वेळ आतच थांबली. कस्तुरी डोकावली तर ती पदराने डोळे पुसत होती. “अगं, बारा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली, “शिट्ट्या मीच मोजायचे.”

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे काय सांगावं! पप्पा बोलायला लागले. नुसते बोलायला नाही, भांडायला, टोमणे मारायला, बातम्यांवर मत द्यायला. शेजारचे आहिरे जिन्यात म्हणाले, “गांगुर्डे आज फार ऐटीत!” तर उत्तर आलं, “तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी आहे, ती परत आली की आणखी ऐट येईल.” पाढे म्हणावेत तशा कविता पाठ करणाऱ्या कस्तुरीला ते म्हणाले, “तू तिसऱ्या कडव्यात घाई करतेस.” तिला वाटलं, आपण दहावीपर्यंत येऊन पोचलो आणि हा माणूस आत्ता भेटला.

सगळंच काही गोड नव्हतं. एकदा आई फोनवर मावशीला म्हणाली, “इतकी वर्षं भिंतीशी संसार केला गं मी.” पप्पा मागेच उभे होते. आईने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवस घरात फक्त शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखं खोबरेल कोमट केलं, पप्पांच्या डोक्यावर थापलं, आणि त्यांच्या समोर येऊन, त्यांना वाचता यावं म्हणून हळूहळू म्हणाली, “भिंत म्हणाले खरी. पण भिंतीलाच टेकून बसले होते ना इतकी वर्षं.” पप्पांनी तिचा तेलकट हात धरला. कस्तुरी ताबडतोब दप्तर उचलून बाहेर पडली. काही गोष्टी वहीत लिहायच्या नसतात.

बाकी वही मात्र तिने इमानेइतबारे भरली. ‘पावडर लावल्यावर घसरतो.’ ‘दोघं एकदम भांडली की अक्षरांची खिचडी.’ ‘आहिरे काका दिसले की शिडीची आठवण येते (हा दोष चष्म्याचा नाही).’

सतराव्या दिवशी संध्याकाळी पप्पांनी कामावरून आल्यावर चष्मा काढून चार्जिंगला लावण्यासाठी तिच्याकडे दिला. उजवी काडी गरम होती.

चटका बसेल अशी नव्हती. बशीत ओतलेल्या चहाइतकी. पण गरम.

कस्तुरीने चष्मा चार्जिंगला लावला नाही. तो हातात धरून ती गॅलरीत उभी राहिली. फोन केला की मॅडम चष्मा नेणार. मग? दुरुस्ती म्हणजे पुन्हा सहा महिने? वर्ष? तोवर पप्पा पुन्हा “हं” म्हणत बसणार. आत पप्पा आईला कारखान्यातला, त्यांच्या प्रेस शॉपमधला कसलासा किस्सा सांगत होते, आणि आई बसभर ऐकू जाईल असं हसत होती.

काडी दहा मिनिटांत निवली. कस्तुरीने वही उघडली आणि लिहिलं : ‘आज तक्रार नाही.’

दुसऱ्या दिवशीही लिहिलं. रविवारी काडी तापली नाही, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःहून भांडी घासली. सोमवारी पुन्हा तापली.

मंगळवारी दुपारी अल्फिया गणित सोडवायला आली. स्वयंपाकघरात दोघी वह्या पसरून बसल्या होत्या आणि कस्तुरीला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

“वेडी आहेस का?” अल्फिया कुजबुजली. “फुटली बिटली तर?”

“नाही फुटत गं. थोडीशीच तापते. मी रोज लक्ष ठेवते ना. फक्त पप्पांना कळू द्यायचं नाही.”

दार अर्धं उघडं होतं. दाराच्या पलीकडे, पाण्याचा तांब्या घ्यायला आलेले पप्पा चष्मा घालून उभे होते. आज त्यांची पाळी बदलून सुट्टी होती, हे कस्तुरी साफ विसरली होती. बारा वर्षांची खोड अशी तीन आठवड्यांत जात नाही.

त्यांनी चष्मा काढला, स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा गॅलरीच्या फरशीवर, सगळ्यांपासून लांब ठेवला. अल्फिया पुस्तकं गोळा करून सटकली.

“पप्पा, मी...” कस्तुरी जूनमधल्यासारखी पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं, आता ती कितीही मोठ्याने बोलली तरी त्यांना वाचता येणार नाही.

तेच बोलले.

“आमच्या दुसऱ्या पाळीला कचरू म्हणून होता. तू पाहिलंस त्याला, लग्नात तुतारी वाजवायचा. प्रेसला सुरक्षेची जाळी असते. जाळी उघडली की मशीन थांबलंच पाहिजे. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, दहातून एकदा थांबत नाही. माल त्याच संध्याकाळी जायचा होता. सांगितलं असतं तर लाइन बंद झाली असती. म्हटलं, आपण लक्ष ठेवू. पाळी संपेपर्यंत ठेवलं लक्ष. मग घरी आलो.” त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “कचरूची दोन बोटं गेली. तुतारी गेली. माझं एकही बोट गेलं नाही, कस्तू. म्हणून तर विसरता येत नाही.”

गॅलरीत ऊन होतं आणि डबा चमकत होता.

“असे चष्मे किती घरांत आहेत?” त्यांनी विचारलं.

तिने तीन बोटं दाखवली, मग दोन.

“त्यातली एखादी म्हातारी तो घालूनच झोपत असेल.” ते उठले, स्कूटरची किल्ली घेतली आणि डबा तिच्या हातात दिला. “चल.”

*

गोल टेबलावर तो डबा उघडला तेव्हा देवरे मॅडम रागावल्या. अगदी खऱ्या रागावल्या. “चार दिवस? चार दिवस तू ‘तक्रार नाही’ लिहिलंस?” कस्तुरीने मान खाली घातली नाही. “हो मॅडम. खोटं लिहिलं. मला पप्पांचं बोलणं बंद व्हायला नको होतं.”

मॅडमनी पप्पांकडे पाहिलं. चष्म्याशिवाय ते पुन्हा जरा लांब उभे होते, खड्ड्याच्या पलीकडे. मॅडमचा राग ओसरला नाही, पण त्याला बसायला जागा मिळाली नाही. त्यांनी फोन उचलला, बत्तीस घरांतले चष्मे संध्याकाळपर्यंत बंद करून परत मागवले, आणि म्हणाल्या, “आता बस. चारही दिवसांचं सगळं आठव. कधी तापली, कधी नाही?”

“कामावरून आल्यावर तापायची. रविवारी नाही. सोमवारी परत.”

“रविवारी वेगळं काय?”

“घरी पंख्याखाली असतात. घाम येत नाही.”

कुलथेकाकांनी लगेच टक्कल हलवलं. “घामाची चाचणी झालीय. खारं पाणी, सलग चार दिवस. एकदम पास.”

कस्तुरीने काडी उजेडात धरली. बिजागरीपाशी, जिथे काडी दुमडते, तिथलं काळं रबर बाकीच्यापेक्षा जरा फुगीर दिसत होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं. हा वास तिला रोज सकाळी यायचा.

“काका, तुम्ही डोक्याला तेल लावता?”

टेबलाभोवती एकदम हशा पिकला. काकांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. “लावून काय करू, पॉलिश?”

“आमच्याकडे लावतात. थापतात. रोज सकाळी, कोमट खोबरेल. मान, कान, सगळं चिंब. मग पप्पा चष्मा घालतात आणि कामाला जातात.”

“तेलाचीही चाचणी झालीय,” बॅटरीवाली ताई म्हणाली. “तेलातून वीज वाहत नाही. तेलाने काही बिघडत नाही.”

“पण आधी तेल आणि मग घाम असं केलंय का?” कस्तुरीने विचारलं.

कुलथेकाका चाचण्यांची यादी चाळायला लागले. साचेवाला हळूच पुटपुटला, “ते रबर तेलाने फुगतं.”

त्याच दिवशी तीन काड्या मांडल्या गेल्या. एक नुसती खाऱ्या पाण्यात, एक नुसती तेलात, आणि तिसरी आधी कोमट तेलात, मग खाऱ्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कस्तुरी दप्तरासकट धावत पोचली, तर कुलथेकाका तापमापीपुढे उभे होते. पहिली गार. दुसरी गार. तिसरी बशीतल्या चहाइतकी.

दोन चोरांची जोडी होती ती. तेल नुसतं दार किलकिलं करायचं : रबर फुगून वेडंवाकडं व्हायचं आणि फट पडायची. आत शिरायचा तो घाम. घामात मीठ असतं, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि बॅटरीच्या दोन टोकांमध्ये चोरवाट तयार व्हायची. वीज गुपचूप पळायची, काडी तापायची. एकेकटे चोर पकडून चौकशी केली तर दोघंही निर्दोष!

“जगातल्या कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही,” कुलथेकाका म्हणाले आणि त्यांनी आपल्या चाचण्यांच्या यादीच्या तळाशी नवा क्रमांक घातला. नाव काय द्यावं म्हणून ते पेन धरून थांबले, तर कस्तुरी म्हणाली, “सकाळी तेल, दुपारी घाम.” त्यांनी तसंच लिहिलं.

“आता किती दिवस?” तिने घाबरत घाबरत विचारलं. “वर्ष?”

देवरे मॅडमनी टेबलाभोवतीच्या लोकांकडे पाहिलं. जुन्या पद्धतीत हा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायलाच तीन महिने लागले असते. इथे साचेवाला म्हणाला, तेलाने न फुगणारं रबर आहे, पण खोबण अर्धा मिलिमीटर रुंद करावी लागेल. बॅटरीवाली म्हणाली, माझी बॅटरी तेवढी सरकवते. कुलथेकाका म्हणाले, मग मला सगळ्या चाचण्या पुन्हा नकोत, बदललं तेवढ्याच करतो, उद्यापासून. हे सगळं एक चहा संपायच्या आत झालं.

“तीन आठवडे,” मॅडम म्हणाल्या.

*

लागले एकोणीस दिवस.

ते एकोणीस दिवस कस्तुरी आधी घाबरून होती. पप्पा पुन्हा “हं” म्हणायला लागतील याची तिला भीती होती. पहिल्या संध्याकाळी म्हणालेही. मग तिने त्यांच्यासमोर पाट मांडला आणि हातवारे करून विचारलं, प्रेस शॉपमध्ये कसं बोलता? तिथे तर कुणालाच काही ऐकू येत नाही.

पप्पांचा चेहरा उजळला. शॉपमध्ये तर अख्खी भाषा होती! अंगठा ओठांना लावला की चहा. गळ्यापाशी टायची गाठ सरळ केली की साहेब येतोय. तळहातावर मूठ आपटली की मशीन थांबव. आणि दोन्ही मुठी जवळ धरून, काडी मोडल्यासारख्या बाहेर वळवल्या की नग नापास, बाजूला काढ.

आईने दुसऱ्या दिवशी आमटीची चव घेतली आणि स्वतःच काडी मोडली. आहिरे जिन्यात दिसले तर पप्पांनी टायची गाठ सरळ केली आणि कस्तुरीला हसू आवरेना. बसमधून दमून आलेली आई दारातच अंगठा ओठांना लावायची आणि पप्पा उठून चहा ठेवायचे. बावीस वर्षं ही भाषा कारखान्याच्या फाटकाशीच थांबत होती. घरातल्या कुणी तिला आत बोलावलंच नव्हतं.

चष्मा परत आला तेव्हा देवरे मॅडमनी तोही स्वतः बसवला. त्याआधी आईने पप्पांचं डोकं तेलाने असं चोपडलं की कुलथेकाका असते तर धन्य झाले असते. चष्मा दिवसभर वापरला, घाम गाळला, संध्याकाळी तिघांनी आळीपाळीने काडीला हात लावून पाहिला. गार.

काडी तपासायला मॅडम संध्याकाळी परत आल्या होत्या. त्या निघाल्या तेव्हा कस्तुरीने त्यांना फाटकाशी गाठलं. तिला ‘थँक यू’ म्हणायचं होतं. पण ते ओठांवर आल्यावर फारच तोकडं वाटलं. “मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी माझ्यावर हसलात पण मला गप्प बसवलं नाहीत. आणि नंतर रागावलात पण तरी टेबलाशी बसवलंत.”

“तू खोटं लिहिलंस,” मॅडम म्हणाल्या, “पण खोटं कुठे कुठे लिहिलं होतं ते अचूक सांगितलंस. असं सांगणारं माणूस फार मिळत नाही. चष्मे बनवणारे खंडीभर मिळतात, कस्तुरी. विकायच्या आधी ते मोडून दाखवणारे मिळत नाहीत.”

*

रविवारची सकाळ. आईने लातूरच्या क्लासचा फॉर्म टेबलावर पसरला होता. अकरावी-बारावी तिथेच, मावशीने खोलीसुद्धा बघून ठेवली होती. गांगुर्डे कुटुंबातली पहिली डॉक्टर. हे स्वप्न इतकं जुनं होतं की ते मुळात कुणी पाहिलं होतं ते आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. कस्तुरीने तरी नक्कीच पाहिलं नव्हतं. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं. फारतर स्वयंपाकघरात, पाठमोरी, पुटपुटली होती.

“सही कर, मग हे करतील,” आई म्हणाली.

कस्तुरीने पेन घेतलं आणि टोपण लावून खाली ठेवलं. ती उठली. खुर्ची फिरवून पप्पांच्या अगदी समोर आली, आईही दिसेल अशी. मिशी नव्हती, पैज नव्हती, कबाबही नव्हते.

“काय गं?” आई म्हणाली. “अशी का उभी?”

पप्पांनी चष्मा नीट बसवला. “बोल. दिसतंय मला.”

“आधी एक सांगते. तुम्ही दोघांनी मला लातूरला पाठवायचं ठरवलंत, ते माझ्यासाठीच ठरवलंत, हे मला माहितीय. आई, तू उभ्याने तिकिटं फाडलीस. पप्पा, तुम्ही तर कान दिलेत. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण मी लातूरला जाणार नाही.”

आईने तोंड उघडलं. पप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचे डोळे हवेतल्या अक्षरांवर होते, मग तिथून निघून लेकीच्या चेहऱ्यावर आले. त्यांनी सावकाश चष्मा काढला, घडी घातली आणि तिच्या हातांकडे बघत मान हलवली : पुन्हा सांग.

कस्तुरीने श्वास घेतला. एक मूठ तळहातावर आपटली. मग दोन्ही मुठी छातीसमोर आणल्या आणि काडी मोडावी तशा बाहेर वळवल्या. आईसाठी ती मोठ्याने म्हणालीही, जिन्यातल्या आहिऱ्यांनाही ऐकू जावं अशा आवाजात :

“मी इथेच राहणार, पॉलिटेक्निकला जाणार, आणि माणसांच्या हातात पडायच्या आधी प्रत्येक वस्तू मी मोडून बघणार!”